पेनाच्या ब्लँकमध्ये जडावाची नक्षी कशी बसवायची: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

साधं सागवानी किंवा शिसवी पेन लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) कातायला जमलं की पुढची ओढ बहुतेकांना एकच लागते, त्यात पितळेची बारीक रेघ हवी, दोन लाकडांची एकमेकांत गुंतलेली गाठ हवी. व्हिडिओत दहा मिनिटांत होतं सगळं. प्रत्यक्षात ड्रिल करताना ब्लँक (ज्यातून पेन कातायचं तो लाकडाचा चौकोनी तुकडा) मधूनच सुटतो, किंवा कातून संपेपर्यंत निम्मी नक्षी भुशाबरोबर निघून जाते, आणि नवा माणूस वैतागून सोडून देतो. हे होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. साधं पेन कातता येतं असं धरलंय, ते येत नसेल तर आधी तेच करा, घाई नको.

१. आधी आतून बाहेर मोजा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून पहिलं. ब्लँकवर जी नक्षी दिसते ती पेनावर येत नाही. ब्लँक असतो पाऊण इंच म्हणजे १९-२० मिमी चौरस आणि तयार पेन असतं ८ ते १२ मिमी जाड, म्हणजे निम्म्याहून जास्त लाकूड तुम्ही कातून फेकणार आहात आणि मधे भोक पाडून ट्यूब घालणार आहात. उरतं ते पातळ साल.

स्लिमलाइन किटचंच (किट म्हणजे पेनाच्या तयार सुट्या भागांचा संच) घ्या. त्याची पितळी ट्यूब ७ मिमीची आणि बुशिंग (टोकाशी कुठपर्यंत कातायचं ते दाखवणारी धातूची कडी) साधारण ८.४ मिमीचं, म्हणजे टोकाशी लाकूड राहतं पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तुमची नक्षी त्या पाऊण मिलिमीटरमध्ये असेल तर दिसेल, तिच्या बाहेर असेल तर गेली. म्हणून ब्लँकच्या पृष्ठभागावर वरवर खाच करून काहीतरी भरायचं हा विचार सोडून द्या. नक्षी एकतर ब्लँकच्या आरपार जाणारी हवी, नाहीतर पेन जवळजवळ कातून झाल्यावर भरलेली हवी, मधला रस्ता नाही.

माझा आग्रह असा की पहिल्या जडावाला स्लिमलाइन घेऊच नका. सिएरासारखं एकाच नळीचं किट घ्या, ज्याला २७/६४ इंच म्हणजे १०.७ मिमीचं ड्रिल लागतं. एकच नळी असल्याने नक्षी मधल्या जोडावर तुटत नाही आणि जाड पेनावर ती मोठी दिसते.

२. काय काय लागेल

लेथ, पेन मँड्रेल (ब्लँक ओवून धरणारा दांडा), बुशिंग आणि किटच्या मापाचं ड्रिल तर आहेच. त्याशिवाय हे जमवा:

- बारीक पात्याची करवत आणि कोन धरणारा मायटर बॉक्स, किंवा बँडसॉ
- गुण्या, टोकदार पेन्सिल, डिजिटल व्हर्नियर
- दोन-तीन छोटे क्लॅम्प
- सावकाश सुकणारं इपॉक्सी (अराल्डाइटचं दोन ट्यूबवालं चालतं)
- पातळ आणि मध्यम सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचं ग्लू, बाटलीत घ्या, छोट्या ट्यूब परवडत नाहीत
- शुद्ध अ‍ॅसिटोन
- ८० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर, शक्य असेल तर वरचे मायक्रोमेश (खूप बारीक घासणारे पॅड)
- डोळ्यांना फेस शील्ड, नाकाला चांगला मास्क

अ‍ॅसिटोनच्या जागी नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो आणि तेलच तर काढायचंय आपल्याला.

लाकडासाठी महागडे आयात ब्लँक लागत नाहीत. फर्निचरवाल्याकडे सागवान आणि शिसवाचे तुकडे पडलेले असतात, विचारून घ्या. गडद लाकडात फिकट रेघ हवी तर हळदूचं पिवळसर लाकूड सुंदर दिसतं, काळ्या कुड्याचं तर जवळजवळ हस्तिदंती पांढरं असतं, चन्नपट्टणची खेळणी त्याच लाकडाची करतात. प्लायवूडच्या दुकानात खरं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मिळतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, त्याचे दोन-तीन थर रंग बदलून लावले की एका रेघेत तीन रेघा मिळतात. फक्त सँपल म्हणून देतात ते छापील लॅमिनेट घेऊ नका, ते रंगाने फसवतं आणि कातताना चिपा उडतात.

धातू हवा तर पितळेचा पातळ पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियम. तांबंही छान दिसतं पण कालांतराने काळवंडतं. लोखंड, स्टेनलेस स्टील नको, आपली लाकडाची हत्यारं त्यावर टिकत नाहीत.

३. ब्लँक तयार करणं

लाकूड वाळलेलं हवं. ओलसर लाकडात जडाव केला तर लाकूड नंतर आकसतं, धातू आकसत नाही, आणि रेघेच्या कडेला बारीक चीर दिसायला लागते. कोकणात पावसाळ्यात तर तुकडे महिनाभर घरात कोरड्या जागी ठेवूनच हात लावा.

ब्लँक रंधून चारही बाजू एकसारख्या करा आणि गुण्याने प्रत्येक कोपरा तपासा. साध्या पेनाला हे एवढं लागत नाही कारण शेवटी सगळं गोलच होणार असतं, पण जडावाला लागतं, कारण ब्लँक फिरवून फिरवून कापायचाय आणि तो चौरस नसेल तर चार कापांचं एकमेकांशी जुळणारच नाही. चारही बाजूंवर १, २, ३, ४ असे आकडे टाका आणि एका टोकाला बाण काढा. गोंदाने हात भरलेले असताना कुठली बाजू वर होती ते आठवत नाही. ब्लँक लागतो त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवा.

४. पहिला जडाव: आडवी रेघ

इथूनच सुरू करा. ब्लँक काटकोनात कापा, मधे पत्रा किंवा विनियरचा चौकोनी तुकडा ठेवा, दोन्ही बाजूंनी गोंद लावून परत जोडा, झालं. कातल्यावर पेनाभोवती एक नीटस रिंग दिसते. दोन बारीक पितळी रेघा आणि मधे फिकट लाकडाची जाड चकती, एवढ्यानेही पेन एकदम वेगळं वाटतं.

काम सगळं गोंदाचं आहे. सागवान आणि शिसव दोन्ही तेलकट, त्यामुळे जोडायची बाजू आधी अ‍ॅसिटोनने पुसा, अ‍ॅसिटोन उडून गेलं की लगेच गोंद लावा, तास-दोन तास थांबलात तर तेल परत वर येतं. पत्रा गुळगुळीत ठेवायचा नाही, ८० नंबरच्या पेपरने दोन्ही बाजूंनी आडवा-उभा खरवडायचा, मग अ‍ॅसिटोन, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. लाकडाला लाकूड असेल तर फेविकॉल चालतो, पण धातू आला की इपॉक्सीच. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, सावकाश सुकणारं घ्या आणि अख्खी रात्र ठेवा.

क्लॅम्प इतका आवळू नका की सगळं इपॉक्सी बाहेर पडेल. जोड कोरडा राहिला की तो ड्रिलच्या पहिल्याच झटक्यात सुटतो. कडेने थोडं थोडं ओघळलं की थांबा. सुकताना तुकडे एकमेकांवरून घसरतात, म्हणून सरळ कोनपट्टीत किंवा दोन पट्ट्यांच्या बेचक्यात बसवून मगच आवळा.

५. गुंतलेली गाठ

ज्याला केल्टिक नॉट म्हणतात ती ही. चार अंगठ्या एकमेकींत ओवल्यासारख्या दिसतात, आणि बघणाऱ्याला हे कसं केलं ते कळत नाही. करायची पद्धत मात्र सरळ आहे: तिरपा काप, त्यात पट्टी, गोंद, सुकवा, ब्लँक पाव वळण फिरवा, त्याच जागी पुन्हा तिरपा काप. असं चारही बाजूंनी.

मापं अशी काढा. गाठीचा मध्य जिथे हवा तिथे गुण्याने चारही बाजूंवर रेघ मारा. ब्लँक २० मिमी असेल आणि काप ४५ अंशात असेल तर करवत वरच्या बाजूला मध्यरेघेच्या १० मिमी अलीकडे सुरू होते आणि खाली १० मिमी पलीकडे पोचते, म्हणजे ब्लँकच्या बरोबर पोटात मध्यावरून जाते. चारही काप त्याच एका बिंदूतून गेले पाहिजेत. म्हणून प्रत्येक वेळी डोळ्याने लावत बसू नका, मायटर बॉक्सच्या टोकाला लाकडाचा ठोकळा ठोकून स्टॉपर करा आणि ब्लँकचं बाणवालं टोक दर वेळी त्याला टेकवा.

काप आरपार नेऊ नका. तळाला दीड-दोन मिमी लाकूड शिल्लक ठेवा, ब्लँक एकसंध राहतो आणि तुकडे हलण्याचा प्रश्नच मिटतो. ते उरलेलं लाकूड नंतर कातून जाणारच आहे, कारण पेन १२ मिमी आणि ब्लँक २० मिमी, प्रत्येक बाजूने ४ मिमी निघणार.

पट्टीची जाडी करवतीच्या कापाएवढीच हवी, हे पुन्हा वाचा. करवतीने १ मिमी लाकूड खाल्लं आणि तुम्ही दीड मिमीची पट्टी ठोकून बसवली तर ब्लँक वाकतो, पट्टी बारीक असेल तर जोडात पोकळी राहते, आणि दोन्ही वेळी पुढच्या कापाला आधीची रेघ तुटून सरकलेली दिसते. आधी रद्दी तुकड्यावर काप घ्या, व्हर्नियरने मोजा, त्याप्रमाणे पट्टी घासून घ्या. पट्टी हाताने सरकून आत जायला हवी, हातोडी लागली तर जाड आहे, आपसूक खाली पडली तर बारीक आहे.

दर कापानंतर पूर्ण सुकू द्या. बाहेर आलेली पट्टी कापून ब्लँकच्या पातळीत घासून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ब्लँक बॉक्समध्ये सपाट बसणार नाही. मग १ नंतर २, ३, ४ असं एकाच दिशेने फिरवा. याला चार दिवस लागतात, लागू देत. सायनोअ‍ॅक्रिलेटने एका दुपारी उरकता येतं हे खरंय, पण ते ग्लू ठिसूळ असतं आणि धातूची पट्टी असेल तर ड्रिलच्या कंपनाने सुटतं.

आता आकाराचं. ४५ अंशात कापलेली गाठ पेनावर साधारण पेनाच्या जाडीएवढीच लांब येते. १२ मिमी जाड पेन, तर गाठ १२ मिमी. ब्लँकवर ती २० मिमी दिसत असते म्हणून लोकांचा अंदाज चुकतो आणि कातल्यावर गाठ लहानखुरी वाटते. लांब, निमुळती गाठ हवी तर करवत ब्लँकच्या लांबीशी ३० अंशात धरा, मग तीच गाठ जवळजवळ पावणेदोन पट लांब होते, १२ मिमीच्या पेनावर २१ मिमीच्या आसपास. पहिल्यांदा मात्र ४५ च बरं, मायटर बॉक्समध्ये ती खाच तयारच असते.

मोठ्या टेबलसॉवर एवढासा ब्लँक हातात धरून कापू नका. फर्निचरवाला ओळखीचा असला तरी त्यालाही तसं करायला सांगू नका. ब्लँक धरणारा स्लेड (करवतीवर सरकणारी पाटी) आणि क्लॅम्प असेल तरच, नाहीतर हातकरवत. वेळ लागतो पण बोटं राहतात.

६. पूड भरायची पद्धत

करवतीचं काम नको असेल तर हा दुसरा रस्ता. यात ट्यूब आधीच बसवलेली असते (कशी ते पुढे ७ मध्ये) आणि पेन बुशिंगपेक्षा दीड-एक मिमी जाड राहील इथपर्यंत कातून घ्यायचं. मग बारीक पार्टिंग टूलने (अरुंद खाच पाडायच्या लेथच्या हत्याराने) हवी तिथे गोल खाच पाडायची, तयार पेनाच्या पृष्ठभागाच्याही खाली किमान अर्धा मिमी जाईल इतकी खोल. पातळ सालीच्या पेनात ती थेट ट्यूबपर्यंत गेली तरी चालेल.

पितळेची पूड चावीवाल्याकडे मिळते. त्याच्या मशीनखाली साचलेली असते, मागितली तर आनंदाने देतो. पण त्यात तेल असतं आणि बाकीच्या धातूंचा कीस असतो, म्हणून घरी आणून पातळ कागदावर पसरा, खालून चुंबक फिरवून लोखंडाचे कण ओढून घ्या, अ‍ॅसिटोनमध्ये धुवा, वाळवा, आणि फडक्यातून चाळा.

भरताना लेथ बंद. खाचेचा जेवढा भाग वर आहे तेवढ्यातच पूड दाबून भरा, पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचा थेंब सोडा, ते पूडेत झिरपतं, थोडं थांबा, हाताने लेथ किंचित फिरवा, पुढचा भाग. दोन-तीन थरांत भरा आणि खाच कडेच्या वर येईल इतकी भरा. घाईने अ‍ॅक्सिलरेटर (ग्लू झटकन सुकवणारा फवारा) मारलात तर आत बुडबुडे होतात आणि कातल्यावर तिथे खड्डे दिसतात. खड्डा दिसलाच तर तिथे पुन्हा पूड आणि थेंब, एवढंच.

७. ड्रिल: इथेच बहुतेक ब्लँक जातात

उष्णता हा इथला शत्रू. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं, आणि पितळेच्या पत्र्यावर ड्रिल अडकून झटका देतं, दोन्ही एकदम झालं की ब्लँकचे तुकडे. म्हणून धारदार ड्रिल, वेग कमी, ५००-६०० आरपीएमच्या वर नको, आणि दर पाच-सहा मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा साफ करायचा. हात लावून बघा, ब्लँक गरम वाटला तर थांबा, थंड होऊ द्या. लेथवर चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यांत) ब्लँक धरून टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाने) ड्रिल केलं तर भोक मध्यावर राहतं, हातड्रिलचा नाद नको. भोक मध्यावरून सरकलं की गाठ एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला लहान दिसते, मग वरचं चार दिवसांचं मोजमाप वाया.

ड्रिल दुसऱ्या टोकातून बाहेर काढू नका, तिथे लाकडाच्या कपच्या उडतात. थोडं अलीकडे थांबा आणि ते टोक करवतीने कापून टाका. ब्लँक लांब ठेवायला सांगितला होता तो याच्यासाठी. कापताना गाठीचा मध्य ट्यूबवर कुठे येतोय ते मोजून कापा.

ट्यूब बाहेरून खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून, इपॉक्सी लावून गोल फिरवत आत घाला. त्याआधी ट्यूबची दोन्ही टोकं कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबा, बटाट्याचं बूच बसतं, गोंद आत जात नाही, आणि नंतर ते ढकलून काढता येतं. फिकट लाकूड असेल तर ट्यूबला आणि भोकाला आतून पांढरा किंवा लाकडाच्या रंगाचा पेंट मारून वाळवून घ्या, नाहीतर पातळ सालीतून पितळेची पिवळी झाक दिसते.

८. कातणं आणि घासणं

टोकं सपाट करायला पेन मिल वापरता तेच, पण धातूची रेघ टोकाजवळ असेल तर मिल नको, ती पत्रा ओढते. सँडिंग डिस्कवर हळूहळू घासा.

मँड्रेलचा नट बोटाने आवळा, पाना नको. जास्त आवळला की मँड्रेल वाकतो आणि पेन लंबगोल होतं.

हत्यार ताजी धार लावलेलं हवं, कार्बाइडचं असेल तर नवी बाजू फिरवून घ्या. काप अगदी हलके. धातू आणि लाकूड एकाच वेळी कापलं जातंय, लाकूड मऊ आणि धातू कडक, जोर दिला की धातूच्या शेजारचं लाकूड निघून जातं आणि रेघ बोटाला लागते. चौरस असताना वेग कमी, गोल झाला की वाढवा. फेस शील्ड पूर्णवेळ, आणि हातमोजे लेथवर कधीच नाहीत. शिसवाची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, मास्क काढू नका.

पुढचं फारसं कोणी सांगत नाही. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम घासलं की त्याची काळपट धूळ होते आणि ती शेजारच्या फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरून बसते. हळदू, कुडा यांवर तर काळे पट्टेच उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. म्हणून घासायच्या आधी पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक हात सगळ्या पेनावर फिरवून छिद्रं बंद करा. मग २२० पासून सुरुवात, दर नंबरनंतर लेथ थांबवून उभं, लांबीच्या दिशेने घासा, आणि धूळ फडक्याने न चोळता हवेने उडवा. धातू तापू देऊ नका, तापला की त्याच्या कडेचा गोंद सैल होतो.

९. फिनिश आणि जोडणी

धातू आणि लाकूड एकत्र असताना नुसतं मेण किंवा तेल पुरत नाही, हाताच्या घामाने पितळ काळं पडतं. पातळ ग्लूचे सहा-आठ हात द्या, टिश्यू पेपरने, आणि मायक्रोमेशने १२००० पर्यंत चढत जा. सुती फडकं अजिबात नको, सुतावर हे ग्लू भसकन तापतं, धूर येतो, बोट भाजतं. खिडकी उघडी ठेवा, वाफेने डोळे झोंबतात.

नक्षी कशी दिसावी याची नजर यायला बघायलाही हवं. सावंतवाडीच्या चितारींचं लेथवरचं लाखकाम बघा, मिरजेत सतारीच्या दुकानात गेलात तर गडद लाकडावर पांढऱ्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या किती मोजून बसवतात ते बघा, जागा मोकळी सोडणं किती महत्त्वाचं ते कळतं. माझं मत विचाराल तर एका पेनावर एकच गाठ किंवा दोन रेघा, त्याहून जास्त नको.

किटचे भाग दाबून बसवताना व्हाइसच्या जबड्यांना लाकडाचे तुकडे लावा आणि सरळ दाबा, तिरकं गेलं तर चीर नेमकी जडावाच्या रेघेवर पडते. आणि क्लिप बसवण्याआधी पेन हातात धरून फिरवून बघा. गाठीची एक बाजू नेहमीच बाकीच्यांपेक्षा नीट आलेली असते, ती समोर राहील आणि क्लिप तिच्या मागच्या बाजूला जाईल असं बघून मगच दाबा, कारण एकदा दाबलं की क्लिप फिरत नाही.